वहीत लिहिलं: घेतली

६ मार्च

आकडा वाईट आला! बेचाळीस हजार.

सिस्टर न्जोलोमाने कागद माझ्या नाकासमोर धरला. म्हटलं, "एवढी मक्याची कणसं असती तर बरं झालं असतं. हे काय आहे?" म्हणाली, "गोगो, हे तुझ्या नातीच्या, अलिनाफेच्या, रक्तातले एचआयव्हीचे जंतू. दिसूच नयेत. निदान हजाराच्या आत तरी हवेत."

मग बाटली मागितली. निळ्या ताटलीत गोळ्या ओतल्या नि सुरीच्या टोकाने दोन दोन करून मोजल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. मी मान वर करून बसले. सिस्टर म्हणाली, "गोळ्या बरोबर आहेत आणि रक्त चूक आहे. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

म्हटलं, "यंत्र बोलत असेल. शहरात असतं ना ते? शहरातलं सगळंच खोटं बोलतं."

रांगेतल्या बायका हसल्या. सिस्टर हसली नाही. दर महिन्याला येऊन बोलायचं, मग पुन्हा रक्त. पुन्हा असंच आलं तर औषध बदलणार. ते मोठ्या इस्पितळात मिळतं, जास्त गोळ्या, जास्त उलट्या. आणि तेही नाही चाललं तर? विचारलं तर पेन शोधायला लागली.

ही वही तिनेच दिली. रोज गोळी घेतली की एक रेघ मार म्हणाली. रेघ कशाला? दुसरीपर्यंत शाळा झाली आहे माझी, आणि म्हातारपणी चर्चमागच्या वर्गात दोन वर्षं बसले ती काय बाक गरम करायला? मी लिहीन. वही पिठाच्या डब्यात राहील. तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

७ मार्च

घेतली.

८ मार्च

घेतली. पाऊस. कोंबडी अंडी घालायचं विसरली.

१९ मार्च

घेतली.

लास्टन आला होता. माझा मुलगा. बायकोच्या गावी राहतो टेकडीपलीकडे, आमच्यात जावयानेच जायचं असतं. चहाच्या मळ्यावर कामाला जाताना सायकल इकडून काढतो. बसला, मक्याच्या न्सिमाचे चार गोळे खाल्ले वाटाण्याच्या पाल्याशी, आणि वर प्रवचन. त्यांच्या प्रार्थनेच्या घरात आता हा वडीलधारा झालाय. पांढरा झगा घालतो. म्हणे, गोळ्या म्हणजे विश्वास कमी असल्याची खूण.

म्हटलं, "तुझ्या बहिणीचा विश्वास फार होता. तुझ्याच बुवाने तिला सांगितलं तू बरी झालीस, तिने गोळ्या नदीत टाकल्या. सात महिन्यांत गेली. दवाखान्याच्या रजिस्टरात नाव आहे तिचं, एस्नार्ट, पुढे लिहिलंय — मृत. मी वाचलंय."

अलिनाफेने गुडघे टेकून हात धुवायला पाणी दिलं त्याला. एस्नार्टची पोर ती. आईच्या पोटातूनच आजार घेऊन आली. चौदाची होईल आता. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती, मीच तिला लास्टनच्या पायाशी बसवून सांगितलं होतं — आता मामाच तुझी आई. आमच्यात मामाचा शब्द बापाच्या वर असतो.

पण बरा दिसतो हं लास्टन! तीन वर्षांपूर्वी काटकी झाला होता. म्हणतो, उपासाने आणि प्रार्थनेने. उपासाने माणूस जाड होतो हे नवीनच.

३ एप्रिल

दवाखान्यात बोलणं झालं. पहिली खेप. सिस्टर विचारते, "गोगो, वहीत रोज 'घेतली' लिहिलंय. गिळताना पाहिलंस?"

"सकाळी रेडिओवर बातम्यांआधीचा ढोल वाजला की हातात देते."

"हातात दिलेली पोटात जाते का?"

चोपन्न सालचा जन्म माझा, हिच्या आईचाही कान धरू शकते मी. म्हटलं, "मी सात पोरं वाढवली." म्हणाली, "किती राहिली?" एक. एकच राहिला. तिला माहीत आहे, माझ्याच तोंडून काढायचं होतं.

४ एप्रिल

समोर बसवून घेतली. पाण्याचा घोट, गळा हलला. मी पाहिलं. मग घागर घेऊन बोअरिंगवर पळाली.

घेतली — आता खरी.

२१ एप्रिल

घेतली. मका मोडायला घेतला. कमरेवर नागीण उठली आहे, डाव्या बाजूला, पट्ट्यासारखी. आग आग! चितेंजे नेसवत नाही. पाला वाटून लावला. शेजारीण म्हणते दवाखान्यात दाखव. म्हटलं, दवाखान्यात पोरीचं बघू की माझ्या कमरेचं? म्हातारपणी अंगावर काहीतरी येणारच, नवरा येत नाही तर नागीण येते.

२ मे

घेतली. नागीण सुकली, दुखणं आहेच. अंगही उतरलंय, चितेंज्याचा एक वेढा जास्त बसतो. काम आहे ना सध्या.

८ मे

पोरीचे कपडे धुवायला घेतले. चितेंज्याच्या कोपऱ्याला गाठ. पैसे असतील म्हणून सोडली.

गोळी.

पांढरी, लांबट, एका बाजूने ओली होऊन विरघळलेली. गालात धरून बाहेर काढलेली!

मी वहीत लिहीत बसले — घेतली, घेतली, घेतली. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

९ मे

मारलं. हाताने नाही, चुलीच्या लाकडाने. "कुठं टाकतेस? संडासात? कोंबड्यांना?" ओरडले तर पोर म्हणते, "टाकत नाही."

"मग?"

"मला विचारू नकोस, गोगो."

जेवली नाही. मीही नाही जेवले, पण ते भूक नव्हती म्हणून.

११ मे

आज मागोमाग गेले. धुकं होतं, बरं झालं. बोअरिंगच्या अलीकडे तुरीचं शेत आहे त्यात उभी राहिले. माझ्यासारखी बाई तुरीत लपते, या वयात! कुणी पाहिलं असतं तर वेगळीच गोष्ट गावभर झाली असती.

सायकलची घंटा वाजली. लास्टन!

पोरीने घागर खाली ठेवली. तोंडातून गोळी काढली, चितेंज्याला पुसली. मग गुडघे टेकले, मान खाली, आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. मोठ्या माणसाला द्यावी तशी. मी शिकवली तशी!

त्याने घेतली, बोअरिंगच्या पाण्यासोबत गिळली आणि सायकलवर बसून गेला. झगा सायकलच्या मागे बांधलेला होता.

१२ मे

लिहायचं काय?

१४ मे

निरोप पाठवून बोलावला. पोरीला शेळीमागे धाडलं. दार लावलं.

"माई, काय झालं?"

"काही नाही. उपासाने कसा जाड होतोस ते शिकव. मलाही अंग धरायचंय."

त्याला कळलं. खाली बघायला लागला. मग हळूहळू सगळं आलं. तीन वर्षांपूर्वी ब्लँटायरला मोठ्या दवाखान्यात गेला होता, जिथं त्याला कुणी ओळखत नाही. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा आल्या, म्हणजे हाच आजार. महिन्याच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, पुन्हा गेला नाही. खंगला. मग पोरीला विचारलं.

"एक दिवसाआडच घेतो, माई. एक तिची, एक माझी."

"वा! म्हणजे ती अर्धी मेली आणि तू अर्धा जगलास. हिशेब छान आहे."

"मी तिचा मामा आहे—"

"म्हणून तर! परका असता तर तिने तोंडावर थुंकून पाठवला असता. तिला 'नाही' म्हणता येत नाही हे तुला माहीत होतं. दवाखाना इथं टेकडीवर आहे, फुकट आहे. त्यांच्याकडे गोळ्यांना तोटा आहे का?"

"तिथं माझ्या बायकोच्या गावचे लोक रांगेत असतात."

"असतात ना? मग ते काय लग्नाला आलेले असतात तिथं?"

"मला काढून टाकतील, माई. चटई हातात देऊन. आणि प्रार्थनेच्या घरात... मी उभा राहून सांगितलंय लोकांना—"

"तेही सांग उद्या उभा राहून. झगा घालूनच सांग."

रडला. चाळिशीचा बाप्या. मी रडू दिलं, पाणी दिलं नाही. शेवटी म्हटलं: "पोरीची एकही गोळी आता तुला मिळणार नाही. तुला हवी तर टेकडी चढ. मी सोबत येईन. नाही चढलास तर मर, पण स्वतःच्या वाट्याचं मर."

गेला. सायकलला हवा नव्हती, ढकलत गेला.

१५ मे

आता गिळली की "तोंड उघड. जीभ वर. आता गाल" म्हणते. बोट फिरवते आत. चावली आज. चावू दे.

मग म्हणाली, "गोगो, आई गेली तेव्हा तू सांगितलंस मामाच आता आई. मग काय करायचं होतं मी? आई दोनदा मरू द्यायची?"

भाजीत मीठ घालायचं राहिलं, कुणी तक्रार केली नाही.

घेतली.

५ जून

दवाखाना. सिस्टर विचारते, काही सापडलं? म्हटलं, "उंदीर."

"उंदीर?"

"मोठा. सायकलवरून येतो."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "घेऊन ये त्याला. ओरडणार नाही मी." म्हटलं, "ओरड तू, माझा घसा बसलाय."

मोठं रजिस्टर उघडं होतं. उलटं वाचायला मला येतं आता. नावाच्या ओळीत शेवटी एकच शब्द असतो. जिवंत. मृत. दुसरीकडे गेली. हरवला. विचारलं, हरवला म्हणजे? म्हणाली, "यायचा थांबला. जिवंत की मेला, आम्हाला ठाऊक नाही. असे पुष्कळ आहेत, गोगो."

म्हणजे ब्लँटायरच्या रजिस्टरात माझा लास्टन हरवलेला आहे. तीन वर्षं हरवलेला माणूस माझ्या अंगणात बसून न्सिमा खात होता.

३० जून

घेतली. चिपेरोनी वाऱ्याचा गारठा, चार दिवस सूर्य नाही. लास्टन आला नाही. सायकल आता खालच्या रस्त्याने नेतो.

११ जुलै

घेतली. तोंड आलंय माझं, आत पांढरं पांढरं. गरम न्सिमा लागते. मिठाच्या पाण्याने चुळा भरते. लास्टन नाही.

२ ऑगस्ट

घेतली.

जाइलोसी छप्पर शाकारायला आला. सायकली दुरुस्त करतो तो म्हातारा, बायको वारलेली. गेल्या साली तीन दिवसांचं काम अठरा दिवस करत होता, त्याच्या आदल्या सालीही. शेजारीण म्हणते, "तुमच्या छपराला गवत फार लागतं हो, गोगो!" म्हटलं, "लागतं. मी विधवा झाले, मेले नाही."

त्याच्याकडूनच कळलं. लास्टन खोकतोय, मळ्यावरून दोनदा घरी पाठवला.

९ सप्टेंबर

पोरीचं रक्त घेतलं. पाच आठवडे लागतील म्हणाले. मी एकदाही चुकवलं नाही, जीभ, गाल, सगळं पाहिलं. आता आकडा पुन्हा वाईट आला तर यंत्राला काठीने मारीन.

२७ सप्टेंबर

दुपारी लास्टन आला. सायकल नाही, पायी. अंगणात आंब्याच्या सावलीत चटईवर आडवा झाला तो उठेना. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. पुन्हा काटकी! खोकला की बरगड्या मोजून घ्याव्यात.

काही मागितलं नाही त्याने. मागितली असती तर बरं, शिव्या तरी दिल्या असत्या.

अलिनाफे माझ्यामागे येऊन उभी राहिली. मुठीत बाटली. आत मी कापूस कोंबलाय, रस्त्याने वाजू नये म्हणून, तरी मला ऐकू आली. म्हणाली, "गोगो, आज एकच. एकच दिवस."

मी बाटली काढून घेतली. कापूस काढला. एक गोळी तळहातावर घेतली. खरं ते लिहिते, वही माझी आहे — घेतली तळहातावर आणि त्याच्या चटईपर्यंत गेले. सात जन्माला घातली, सहा पुरली. हा शेवटचा. एका गोळीने काय होतंय?

त्याने डोळे उघडले. गोळी पाहिली. मग पोरीला पाहिलं. आणि तोंड फिरवलं.

म्हणाला, "नको, माई. तिची आहे."

गोळी बाटलीत परत टाकली. कापूस लावला. म्हटलं, "मग चढतोस का टेकडी?"

"टोचून घ्यायला एकटा बोट पुढे नाही करणार."

"मी करते आधी. लाज वाटू दे तुला. माझ्या बोटात काय राहिलंय भ्यायला!"

म्हणाला, बायकोला सांगतो, मग. म्हटलं, दोन आठवडे देते. तिसऱ्या आठवड्यात तुझ्या प्रार्थनेच्या घरात येऊन मी प्रवचन देईन.

५ ऑक्टोबर

घेतली. बायकोला सांगितलं म्हणे त्याने. तिने चटई हातात दिली नाही, कढई फेकून मारली. मग स्वतः जाऊन तपासून आली, तिची एकच रेषा. कढई फेकणारी सून मला आवडते. दहा वर्षांत आज पहिल्यांदा.

१४ ऑक्टोबर

जाइलोसीच्या सायकलच्या मागच्या बैठकीवर लास्टनला बसवला, मी आणि अलिनाफे चालत. ऊन मरणाचं. रांगेत त्याच्या सासुरवाडीचे चौघे होते. त्यातला एक त्याच्या प्रार्थनेच्या घरातला! पहिल्या बाकावर बसणारा! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो सरकला आणि लास्टनला बाकावर जागा दिली. बस, एवढंच. एवढ्यासाठी तीन वर्षं!

आधी पोरीचा कागद. सिस्टर वाचते, पुन्हा वाचते. म्हटलं, "बोल बाई, माझे गुडघे पासष्ट वर्षांचे आहेत."

"आकडाच नाही, गोगो."

"हरवला?"

"मोजण्याइतकं काही उरलं नाही. दिसत नाही काही."

अलिनाफे हसली. हिचे पुढचे दात एस्नार्टचे आहेत, कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "यंत्र सुधारलं म्हणायचं." सिस्टर या वेळी हसली.

मग लास्टन. बोट मुठीत धरून बसला पोरासारखा. म्हटलं, "हे बघ," आणि माझं बोट आधी दिलं. टोचलं तर रक्त येईना, दाबून काढावं लागलं. मग त्याने दिलं. पाव तास दोन पट्ट्या शेजारी शेजारी टेबलावर पडून होत्या.

त्याच्या दोन रेषा. माहीत होतंच. सिस्टर ओरडली नाही, शब्दाला जागली. छातीचा फोटो काढायचा, आधी खोकल्याचं औषध, मग गोळ्या. रजिस्टरात नाव लिहिलं — लास्टन, पुढे: जिवंत. मी उलटं वाचलं, दोनदा.

माझी पट्टी मात्र सिस्टर आत घेऊन गेली. दुसऱ्या पेटीतली करून बघते म्हणाली. मला आत बोलावलं. विचारते, "गोगो, नागीण कधी उठली होती? तोंड आलं होतं का? नवरा जाऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? छप्पर दरवर्षी शाकारावंच लागतं."

उरलेलं उद्या लिहीन. पीठ संपलंय, दळायला जायचंय.

१५ ऑक्टोबर

माझ्याही दोन रेषा. दुसऱ्या पेटीतही दोन. बाटली कालच दिली.

जाइलोसीला निरोप धाडला — छप्पर गळतंय, ये. पाऊस अजून पडला नाही, तरी येईल तो. आला की टेकडी दाखवते.

सकाळी रेडिओवर ढोल वाजला. अलिनाफे पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर बसली. गुडघे टेकले नाहीत, मांडी घालून बसली. "गिळ, गोगो. तोंड उघड. जीभ वर. आता गाल." बोट घातलंन् आत! मी चावले. म्हणाली, "चाव." मग पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून वही काढलीन्. ठाऊक होतं कार्टीला!

खालचं अक्षर माझं नाही.

घेतली.